अक्काच्या पोटातली चांदी

“टेकून बसा की आजी. खुर्ची चावते का तुम्हाला?”

डॉक्टर लाटकर मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले. अक्का खुर्चीच्या कडेला, एका मांडीवर भार देऊन, फांदीवर कोंबडी बसावी तशी बसली होती. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तांबवणीच्या भाजीबाजारात आम्ही दोघींनी डोक्यावर बुट्ट्या वाहून उभा जन्म काढला.

“बसवत न्हाई डागदरसाहेब,” अक्का म्हणाली. “ऑपरेशन झाल्यापास्नं आत काट्यागत टोचतंय. रगत जातंय, वास येतोय. नातवंडं जवळ येत न्हाईत.”

“वय काय तुमचं?”

“असंल की सत्तरीच्या फुडं.”

“मग? या वयात काहीतरी टोचायचंच. पूर्वी अंग बाहेर यायचं. आता येतं?”

“न्हाई.”

“झालं तर! ऑपरेशन यशस्वी.” मग त्यांनी शेजारच्या नर्सकडं बघून डोळे मिचकावले. “का आता पुन्हा नव्या नवरीसारखं व्हायचंय आजींना?”

नर्स हसली. दार उघडंच होतं. बाहेर नंबर लावून बसलेले बाप्येही हसले. अक्कानं पदर तोंडावर ओढून घेतला आणि उठली.

हसले नाही ती मी. आणि ही गोष्ट नवलाची आहे, कारण तांबवणीत मला थापाडी सुंदरा म्हणतात. माझ्या सासऱ्यांच्या मळ्यातल्या भोपळ्यात सर्कशीतून पळालेली वाघीण व्याली होती, हे गावाला सांगितलं ते मीच. परगावची माणसं अजून तो मळा बघायला येतात. भोपळ्याचं मी थोडं वाढवून सांगितलं असेन, पण वाघीण होती. आता पुढं जे सांगतेय ते सगळं खरं आहे. तुम्हाला पटणार नाही, त्याला मी काय करू?

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी मनात म्हटलं, लाटकरा, ज्या तोंडानं हसलास त्याच तोंडानं तुझ्याकडून वदवून घेईन. चारचौघांत घेईन.

अक्काचं अंग, म्हणजे गर्भाशय, पाचव्या बाळंतपणानंतरच खाली यायला लागलं होतं. बाळंत होऊन सव्वा महिना झाला नाही तोवर डोक्यावर बुट्टी. दुसरं काय होणार? घट्ट लंगोट बांधून ती बाजारात बसायची. बाजारातल्या निम्म्या बायकांचं तेच. पण एकमेकींना वांग्यातली अळी दाखवू, हे नाही दाखवणार. मग मंगल कार्यालयात लाटकरांचं शिबिर झालं. ‘अंग बाहेर येण्यावर कायमचा इलाज’ असा फलक, मांडवात केळीचे खांब, पाहुण्यांना नारळ. बायकांना रांगेत निजवून बघितलं, आणि रांगेतच ऑपरेशनला नेलं. अक्काला जुना दमा. खोकली की कार्यालयाचे पत्रे वाजायचे. कुणी विचारलं नाही. माझ्या रक्तात साखर निघाली म्हणून मला तेवढं परत पाठवलं. तेव्हा मी साखरेला किती शिव्या घातल्या!

लाटकरांकडून निघालो ते अक्काला मी जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर तस्नीम मुजावर म्हणून बाई होत्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र लिलाव पुकारणाऱ्यासारखा. त्यांनी आधी अक्काचा हात हातात घेतला, मग पडदा ओढून तपासलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा बदलला होता.

“आजी, ऑपरेशनमध्ये आत जाळी बसवलीय, असं सांगितलं होतं तुम्हाला?”

“कसली जाळी बाई? टाकं घातलं म्हणाले.”

“शिबिराच्या कार्डावरही टाकेच लिहिलेत. पण माझ्या बोटाला दोऱ्यासारखं काहीतरी लागतंय. मांस कापून बाहेर यायला लागलंय.”

त्यांनी तिथल्या तिथं लाटकरांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“जाळी? छे छे मॅडम,” पलीकडून हसण्याचा आवाज आला. “नुसते टाके आहेत. म्हातारीला वेड लागलंय, आणि ती बरोबरची आहे ना, ती तर गावातली नामांकित थापाडी आहे.”

मुजावर बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “थापाडी हाय मी. पर हे खरं हाय.”

“ऑपरेशनच वाईट का हो बाई?” अक्कानं विचारलं.

“नाही आजी. तुमच्याहून थोरल्या बायकांची मी करते आणि त्या चालत घरी जातात. पण आधी खोकला आटोक्यात आणायचा, हृदय बघायचं, साखर बघायची. नुसती आधाराची कडी बसवून भागतंय का ते बघायचं. आणि मुख्य म्हणजे बाईला सगळं सांगून तिला विचारायचं. ही जाळी अशी खालून बसवणं तर कित्येक देशांनी बंद केलंय.”

“मग काढून टाका की.”

“काढीन. पण तुमचा दमा आणि वय बघता दोनदा भूल द्यायची माझी हिंमत नाही. एकदाच उघडणार. जाळी कुठली, किती पट्ट्यांची, मागं कशाला अडकवलीय, हे आधी कळायला हवं. आंधळेपणानं ओढली तर लघवीची पिशवी फाटेल. सोनोग्राफीत मला सावली दिसेल, पण टोकं कुठं गेलीत ते त्यालाच माहीत. आणि तो तर म्हणतो, जाळीच नाही.”

माझंही त्याच दिवशी त्यांनी बघितलं आणि रबराची कडी बसवून दिली. काही कळलंसुद्धा नाही. येताना एसटीत जागा होती तरी अक्का दांड्याला धरून उभी. मला म्हणाली, “सुंदरा, मला मरण बी उभ्यानंच येणार बघ.”

मी दुसऱ्या दिवशी बाजारात तोंड सोडलं. लाटकरानं बायकांच्या पोटात न विचारता जाळ्या घातल्यात, माझ्या जावेला आतून कापतेय, असं ओरडून सांगितलं. बायका पोट धरून हसल्या.

“आणि त्या जाळीत मासं किती घावलं गं?” लिंबंवाली हौसा म्हणाली.

“वाघिणीचं बछडं घावलं असंल!” दुसरी म्हणाली.

हौसाचंही त्याच शिबिरात ऑपरेशन झालेलं. हसता हसता ती मधेच थांबून कंबर धरायची आणि बसायची जागा बदलायची. मी बघत होते. जन्मभर खोटं विकलं होतं, आता खऱ्याला गिऱ्हाईक मिळेना.

इथं आमच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. पहिलं नाणं हातात आलं की बुट्टीला लावायचं, कपाळाला लावायचं, मग पुढचं. आणि भवानी व्हायच्या आधी खोटं बोलायचं नाही. माप चुकवायचं नाही, शिळ्याला ताजं म्हणायचं नाही. बोलली तर त्या बाईची भाजी वर्षभर सडते, असा समज. मीसुद्धा हे पाळत होते. माझी सगळी वाघीण, सगळे भोपळे भवानीनंतरचे. बाजारात कुणाला माझ्याकडून खरं काढून घ्यायचं असलं तर सकाळी सकाळी येऊन विचारायचे.

एका बाजारच्या दिवशी मी मेथीच्या जुड्या मांडल्या आणि पहिलं गिऱ्हाईक आलं त्याला हौसाकडं ढकललं. दुसरं आलं त्याला म्हटलं, मेथी कडू आहे. हौसा टकामका बघायला लागली.

“येडी का काय तू? भवानी घालवतीस!”

“असू दे.”

“झालंय काय?”

“काही इचारू नगंस हौसा. माझी भवानी व्हायचीय. खोटं बोलता येईना, आणि खरं सांगायची चोरी हाय.”

एवढं पुरे होतं. लिंबं तशीच टाकून ती माझ्या पोत्यावर येऊन बसली. “माझ्या गळ्याची आण.”

मी इकडंतिकडं बघितलं. आवाज खाली घेतला.

“अक्काच्या पोटात चांदी हाय.”

“आँ?”

“जाळी चांदीची हाय. लोखंड गंजतं, चांदी गंजत न्हाई. शिबिराला कुणा शेठनं दिली म्हणं. म्हणून तर डागदर कुणाला कबूल होत न्हाई. पोटात चांदी हाय म्हटल्यावर म्हाताऱ्यांना कोण जगू देईल?”

“आणि बाई गेल्यावर?”

“सावडायच्या दिवशी राख नीट चाळायची. मोठ्या दवाखान्यात एवढंच म्हणाले.”

हौसाचा हात हळूच स्वतःच्या ओटीपोटावर गेला. “खरं बोलतीस?”

“भवानीच्या आधी बोलतेय. अजून काय पायजे तुला?”

मी डोळे मिटून मेथीकडं तोंड केलं आणि देवीला म्हटलं, सडव काय सडवायचं ते. त्या दिवशी माझी मेथी दुपारच्या आत संपली. देवाचं काही कळत नाही.

आठवडा झाला नाही तोवर तांबवणीत मातृभक्तीची साथ आली. ज्या सुना सासूला गार भाकरी टाकायच्या त्या हळद घातलेलं दूध देऊ लागल्या. एका पोरानं आईच्या डोक्यावरची बुट्टी भर रस्त्यात स्वतःच्या डोक्यावर घेतली. त्याला बघून कुत्री भुंकली. अक्काचा एकुलता एक राहिलेला मुलगा मुरारी, शेजारच्या गल्लीत वेगळा राहणारा, ज्यानं शिबिरापासून उंबरा ओलांडला नव्हता, तो द्राक्षं घेऊन आला.

“आई, दुखतं का गं लई?” आणि श्वास न घेता, “ऑपरेशनमधी काय काय घातलं, काही म्हणाले का डागदर?”

अक्कानं द्राक्षं बघितली, मुरारीला बघितलं. तिला बिचारीला अजून काही माहीत नव्हतं. “बरा आलास बाबा,” म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चुलीकडं तोंड फिरवलं.

पण पोरं नुसती दूध पाजत बसली तर माझं काय काम होणार? म्हणून पुढच्या बाजारी, पुन्हा भवानीच्या आधीच, मी हौसाला दुसरा पेढा भरवला. चांदी सगळ्यांना बसवली नाही म्हणं. काहींची लाटकरानं ढापली आणि प्लास्टिक घालून शिवून टाकलं. कुणाला काय बसवलं ते तो एकटाच जाणतो.

सोमवारी लाटकरांच्या दवाखान्यात जत्रा भरली. मी मुजावर बाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, “बाई, उद्या माझा फोन आला की नुसता कानाला लावा. बोलू नका.” फोन चालू करून मी पानाच्या बटव्यात ठेवला, बटवा हातात धरला आणि अक्काला घेऊन गर्दीत घुसले. पुढं पोरं, मागं सुना, आणि त्यांच्या मागं ज्यांच्या पोटात जे होतं त्या म्हाताऱ्या. मुरारी सगळ्यांत पुढं.

लाटकर केबिनच्या दारात आले. “काय गोंधळ लावलाय?”

“आमच्या आईची चांदी कुठाय?” मुरारी ओरडला.

“कसली चांदी?”

“जाळीची! शेठनं दिल्याली! आमच्या आईला घातलीसा का ढापलीसा?”

“अरे मूर्खांनो, चांदीची जाळी कधी असते का?”

“म्हंजी प्लास्टिक घातलं! ढापली! चोर हाय ह्यो!”

चोर म्हटल्यावर लाटकरांचा चेहरा बिघडला. माणसाला खुनी म्हटलेलं एक वेळ चालतं, चोर चालत नाही. त्यात कुणीतरी त्यांच्या सदऱ्याला हात घातला. ते तरातरा आत गेले, कपाटातून एक खोका काढला, पाकीट टराटरा फाडलं आणि आतली वस्तू हवेत धरली.

“ही बघा जाळी! प्लास्टिकची! शिबिरातल्या प्रत्येक बाईला हीच घातलीय! प्रत्येकीला! चांदी नव्हतीच कधी!”

पांढरी, चार पाय फुटलेली, कोळिष्टकासारखी ती जाळी पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती. मागून एक म्हातारी म्हणाली, “आता बया! ही तर लसणाच्या पिशवीची जाळी.”

मी पुढं झाले. बटवा छातीशी धरला आणि शक्य तितकं बावळट तोंड केलं.

“डागदरसाहेब, ही लोकं अडाणी. त्यांना वाटतंय तुम्ही खोटं बोलताय. एवढी मोठी जाळी आत मावंल कशी? दावा की कशी बसवली ती.”

“मावते! का नाही मावणार?” लाटकर आता घामाघूम झाले होते. सुटकेची वाट दिसली तशी त्यांनी जाळी टेबलावर पसरली. “हे पुढचे दोन पाय असे जांघेच्या हाडामागनं काढायचे. हे मागचे दोन, इथं, माकडहाडाशेजारी जे बंधन असतं त्यात अडकवायचे. मधला भाग लघवीच्या पिशवीखाली. बस! वीस मिनिटांचं काम!”

“चारी पाय? समद्यांना अस्संच?”

“सगळ्यांना! ह्याच कंपनीची, ह्याच मापाची!”

बटव्यातून मुजावर बाईंचा लिलावाचा आवाज आला. “थँक्यू डॉक्टर. एवढंच हवं होतं. नीट ऐकू आलं.”

लाटकरांनी बटव्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग टेबलावरच्या जाळीकडं. आणि ती पटकन खोक्यात कोंबायला लागले.

“ठेव ती खाली,” हौसा म्हणाली. डॉक्टरला अरेतुरे करताना तिला मी पहिल्यांदाच ऐकलं. गर्दी बाजूला सारत ती टेबलापाशी आली. “ही माझ्या आत हाय?”

“मावशी, तुमच्या भल्यासाठीच...”

“मला इचारलंतास?”

लाटकर एक पाऊल मागं सरले.

“मला बी टोचतंय,” मागची एक म्हणाली.

“मला बी. मी लाजंनं सांगितलं न्हाई.”

“माझ्या तर लघवीतनं रगत जातंय. माझी सून म्हणती, नाटक करती म्हातारी.”

एकीमागून एक त्या पुढं यायला लागल्या आणि पोरं मागं सरायला लागली. चांदी नाही म्हटल्यावर निम्मी तर केव्हाच दारापाशी पोचली होती. लाटकर भिंतीला पाठ लावून उभे. कुणी त्यांना हात लावला नाही. नुसत्या सगळ्या जणी त्यांच्याकडं बघत राहिल्या. मला लाटकरांचा चेहरा बघून इतकं बरं वाटलं, की खोटं कशाला सांगू, तोंडात जिलबी घातल्यासारखं वाटलं. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, “टेकून बसा की डागदरसाहेब.”

पुढं तक्रार झाली, चौकशी झाली, दवाखान्याची पाटी उतरली. लाटकर रातोरात गाढवावरून पळाले असं मी सांगत असते; खरं म्हणजे मोटारीतून गेले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण दवाखान्यातून त्या सोमवारी घरी येताना अक्का माझ्या पुढं पुढं चालत होती. मला वाटलं, खुशीत असेल. मुजावर बाईंना सगळं कळलं होतं, ऑपरेशनची तारीख मिळणार होती. दाराशी आल्यावर तिनं विचारलं, “सुंदरा, चांदीचं तू उठवलंस?”

“व्हय अक्का. राख चाळायचं बी मीच उठवलं.”

“आणि मुरारीनं द्राक्षं आणली ती त्याच्या आधी का मागनं?”

मी जन्मभर कुठल्याही प्रश्नाला अडले नव्हते. तिथं मला एक साधी थाप सुचली नाही.

“मागनं,” मी म्हटलं.

अक्का आत गेली.

मुजावर बाईंनी महिनाभर तिचा दमा आटोक्यात आणला, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं, मग ऑपरेशन केलं. चारी पाय बरोबर लाटकरांनी दाखवलेल्या जागी सापडले. बराच वेळ लागला, पण लघवीची पिशवी शाबूत राहिली. जाळीचे तुकडे तपासणीला आणि चौकशीला गेले. अक्कानं हट्ट करून एक तुकडा मागून घेतला. बाईंनी नको नको म्हणत तो बारक्या बाटलीत औषधी पाण्यात घालून दिला.

दोन दिवसांनी मुरारी वॉर्डात आला. दारातच घुटमळला. हातात काही नव्हतं.

“ये,” अक्का म्हणाली. “तुझीच वाट बघत हुते.”

तिनं उशीखालची बाटली काढून त्याच्या हातावर ठेवली. आतला तुकडा गढूळ पाण्यात फिरला. त्याला एक काळपट धागा चिकटलेला होता.

“हे काय आई?”

“तुझी चांदी.”

मुरारीनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

“घरी ने,” अक्का म्हणाली. “राख चाळायचा तरास वाचला तुझा.”

“आई, तसं न्हाई गं...”

“मग कसं?”

बाटली त्यानं खिशात घातली नाही, खाली ठेवली नाही. पलंगाच्या पायथ्याशी रिकामी खुर्ची होती. अक्का हाताचा टेका घेऊन पलंगावरच हळूहळू उठली, मागं उशी लावली आणि कित्येक महिन्यांनी पाठ टेकून सरळ बसली. मुरारी बाटली हातात धरून उभाच होता. अक्कानं त्याला बस म्हटलं नाही.